नोट कशी बनली, ते बघायला शिकताना

संग्रह सुरू करून तीन महिने झाले होते, तेव्हा मी पहिली जुनी नोट विकत घेतली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली, दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट सरकारची, १८६४ सालची दहा डॉलरची. तोफ ओढणारे घोडे, पिवळट कडक कागद. हातात घेतली की कडकड वाजायची, आणि मला वाटायचं, एवढा जुना कागद असाच वाजणार. आठवडाभर मी ती रोज काढून बघत होते.

मग एका ज्येष्ठ संग्राहकांना मोठ्या कौतुकाने दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "यावरच्या सह्या कशाने केल्यात?"

"शाईने," मी म्हटलं.

"मग भिंगातून बघ."

दहा पट मोठं दाखवणारं भिंग होतं. बघितलं, तर सहीचा काळा रंग आणि घोड्यांचा काळा रंग अगदी एकच. रेघ कुठे दाबून जाड झालेली नाही, कुठे शाई फुटलेली नाही. क्रमांकाचंही तेच. मग त्यांनी स्वतःची नोट काढली. तिचा कागद मऊ, पातळ, सह्यांची शाई तपकिरी पडलेली, आणि एके ठिकाणी तर ती कागद खाऊन मागच्या बाजूला उतरली होती. या नोटांवरचे क्रमांक आणि सह्या माणसांनी बसून, टाकाने केलेल्या असत. माझी नोट म्हणजे पुढे कधीतरी आठवण म्हणून विकायला छापलेली नक्कल होती. तो पिवळेपणासुद्धा मुद्दाम आणलेला.

फार वाईट वाटलं. पण त्या दिवशी त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी धरून ठेवलं: "नोट दिसते कशी, ते सगळेच बघतात. ती बनली कशी, ते बघ."

त्यानंतर दोन महिने मी काहीही विकत घेतलं नाही. ज्यांच्या खरेपणाबद्दल शंका नव्हती अशा नोटा घेऊन रोज संध्याकाळी दिव्याखाली बसायचे. दिवा बाजूला, अगदी खाली ठेवायचा, म्हणजे प्रकाश कागदावर तिरपा पडतो. इंटाग्लिओ छपाईत शाई धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या खाचांमध्ये भरलेली असते आणि प्रचंड दाबाखाली कागद ती उचलून घेतो. त्यामुळे प्रत्येक रेघ कागदावर उभी राहते. तिरप्या प्रकाशात तिची बारीक सावली पडते, बोटाच्या टोकालाही ती जाणवते. एकदा चेहऱ्यावरच्या केसांची अशी रेघन्‌रेघ सुटी दिसली, की इंकजेटवर काढलेली नक्कल भिंगाखाली लगेच ओळखू येते. तिथे रेघ नसतेच, निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची गर्दी असते.

यातही एकदा माझी गल्लत झाली. छपाई सपाट दिसली म्हणून एक खरी नोट मी खोटी ठरवली होती. जर्मनीत पहिल्या महायुद्धापासून १९२३ पर्यंत गावोगावी निघालेल्या 'नोटगेल्ड'पैकी, म्हणजे अडचणीच्या काळातल्या तात्पुरत्या नोटांपैकी ती होती, आणि अशा कितीतरी नोटा साध्या छापखान्यांतच छापल्या गेल्या. तेव्हा त्या नोटेची मूळ छपाई कोणती, हे आधी वाचून घ्यावं लागतं. कॅटलॉग नुसता किंमत बघायला नसतो, हे मला तेव्हा कळलं.

जलचिन्ह शिकायला त्या मानाने सोपं गेलं. खरं जलचिन्ह कागद ओला असतानाच त्याच्या जाडीत तयार होतं, म्हणून उजेडासमोर धरल्यावर त्यात फिकट आणि गडद अशा दोन्ही छटा मिसळलेल्या दिसतात. वरून छापलेलं खोटं जलचिन्ह नोट टेबलावर ठेवली तरी दिसत राहतं.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने मात्र मला चांगलंच फसवलं. नोटांचा कागद बहुधा कापसाचा, त्यात चमक आणणारी रसायनं नसतात, त्यामुळे तो टॉर्चखाली मंद राहतो. बाजारातला पांढरा कागद निळसर उजळतो. एवढं कळल्यावर मी शेर झाले. एक जुनी नोट उजळली, आणि विकणाऱ्याला मी तोंडावर खोटी म्हणून सांगितलं. नंतर त्याच संग्राहकांनी ती नीट दाखवली: उजळणं सगळीकडे सारखं नव्हतं, घड्यांपाशी डाग डाग होते, कागदाचा कडकपणा गेलेला. कुणीतरी नोट स्वच्छ दिसावी म्हणून साबणाच्या पावडरने धुतली होती, आणि चमक आणणारी रसायनं त्या पावडरीतली होती. नोट खरीच होती. मी त्या विक्रेत्याची जाऊन माफी मागितली. धुतलेली, इस्त्री केलेली, टाचणीची भोकं बुजवलेली नोट 'नवी कोरी' म्हणून विकली जाते, हे माझ्या मनाला बनावट नोटेइतकंच लागतं.

आणि कधी कधी भिंगाचा काहीच उपयोग नसतो. पोर्तुगालमध्ये १९२५ साली उघडकीला आलेलं प्रकरण वाचून मी थक्क झाले. आल्व्हेस रेइस याने खोटी कागदपत्रं दाखवून खऱ्या नोटा छापणाऱ्या लंडनच्या कंपनीकडूनच ५०० एस्कुदोच्या नोटा छापून घेतल्या. छपाई अस्सल, कंपनीही तीच. पकडलं कशाने, तर एकाच क्रमांकाच्या दोन दोन नोटा सापडल्या म्हणून. तेव्हापासून प्रत्येक नोटेचा क्रमांक मी वहीत उतरवते.

चलनात असलेली बनावट नोट मात्र अभ्यासासाठी म्हणूनही जवळ ठेवू नये. ती बाळगणं गुन्हा ठरू शकतो. संशय आला तर नोट बँकेत किंवा पोलिसांकडे द्यायची.

ती दहा डॉलरची नक्कल अजून माझ्या अल्बममध्ये आहे, पाकिटावर 'नक्कल' अशी चिठ्ठी लावून. तिच्या शेजारचा कप्पा रिकामा ठेवलाय. १८६२ मध्ये फिलाडेल्फियात सॅम्युएल अपहॅम कॉन्फेडरेट नोटांच्या प्रतिकृती उघडपणे छापून विकत असे. खालच्या कडेला स्वतःचं नाव आणि 'प्रतिकृती' असं छापलेलं असायचं, आणि लोक नेमकी तीच कड कापून नोटा दक्षिणेत खपवायचे. तसली एखादी, कड शाबूत असलेली, मी शोधते आहे.