सिएर्रा! म्हणजे खिडकी लाव

आम्ही दक्षिण स्पेनमधे, आंदालुसियातल्या हाएन प्रांतात एका छोट्या गावात राहायला आलो तेव्हा माझा एकच तोरा होता, उन्हाळा मला कोणी शिकवू नये. वैशाखवणवा बघत वाढलेली माणसं आपण, ४० डिग्री म्हणजे काय ते ह्यांनी आपल्याला सांगायचं का? तर पहिल्याच आठवड्यात सकाळी अकराला मी वारा यावा म्हणून मोठ्या हौसेने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि खालून गल्लीतून आवाज आला, "सिएर्रा! सिएर्रा!" समोरच्या आजी. वय ८४, हातात झाडू. मला वाटलं चोरबीर शिरला की काय. सिएर्रा म्हणजे बंद कर, एवढं समजायला मला डिक्शनरी उघडावी लागली, तोवर आजी जिना चढून वर आल्या होत्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खिडक्या लावून बाहेरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शटरचा दोर सोडून दिला, धाडकन. घरात मिट्ट काळोख.

ह्या शटरला इथे पेर्सियाना म्हणतात आणि उन्हाळ्यात अख्खं गाव त्या पेर्सियानावर चालतं. हिशोब सोपा आहे. जुन्या घरांच्या भिंती दगडाच्या, चांगल्या हातभर जाड, वरून पांढराशुभ्र चुना. चुना ऊन परत फेकतो, आणि जे आत शिरतं ते भिंत पार करेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून रात्री अकरानंतर सगळं उघडायचं, रात्रभर गार हवा भरून घ्यायची, आणि सकाळी नऊच्या आत पुन्हा सगळं बंद, म्हणजे थंडी डब्यात भरून झाकण लावल्यासारखी. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तर त्या वाऱ्याचा उपयोग काय, उलट तो भट्टीची फुंकणीच. हे इतकं साधं आहे की आपल्याला आधी का नाही सुचलं ह्याचीच मला लाज वाटली.

दुसरी गोष्ट घड्याळाची. स्पेनने १९४० मधे आपलं घड्याळ मध्य युरोपच्या वेळेला लावलं ते तसंच राहिलं, त्यात उन्हाळ्यात अजून एक तास पुढे, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो बारा वाजता नाही तर दुपारी सव्वादोन-अडीचला. म्हणजे खरा कहर पाच-सहा वाजता असतो! मी सवयीने साडेचारला "आता उतरलं असेल ऊन" म्हणून पिशवी घेऊन निघायचे आणि रस्त्यावर माझ्याशिवाय फक्त एक कुत्रं, तेही सावलीत. दुकान दोनला बंद झालेलं असतं ते थेट सहानंतर उघडतं. लोक सिएस्ताला, म्हणजे इथल्या दुपारच्या झोपेला, आळस म्हणतात ना, त्यांनी एकदा इथे ऑगस्टात पाच वाजता चौकात उभं राहून दाखवावं, बाकी काही बोलायचं नाही मला.

तर २०२५ चा ऑगस्ट. ३ तारखेला जी उष्णतेची लाट सुरू झाली ती १८ तारखेपर्यंत हललीच नाही, १६ दिवस. हवामान खात्याने नंतर सांगितलं की नोंदी ठेवायला लागल्यापासूनची ही देशातली सगळ्यात तीव्र लाट. आकड्यांचं इथे कौतुक नाही तसं, शेजारच्या कोर्दोबा प्रांतात ला राम्ब्ला गावात २०२१ च्या ऑगस्टात ४७.६ झालं होतं, तो आकडा इथल्या बारमधे म्हातारे क्रिकेटच्या स्कोअरसारखा (म्हणजे त्यांच्या फुटबॉलच्या) सांगतात. औषधाच्या दुकानाबाहेर हिरवा क्रॉस असतो, त्यावर तापमान झळकतं, पण तो दुपारभर उन्हात भाजत असल्याने काहीही दाखवतो, आणि मग बारमधे त्या आकड्यावरून भांडण.

पहिले सहा-सात दिवस काही वाटलं नाही. पावाची गाडी सकाळी हॉर्न वाजवत आली की बाया घरच्या गाऊनवरच बाहेर येतात, पाव घेतात, पाच मिनिटं बोलतात आणि पळतात आत. शेतावर जाणारे उजाडायच्या आधी जातात आणि दुपारी जेवायच्या वेळेला परत. शेगडी सकाळी दहानंतर पेटवायची नाही हा आजींचा दुसरा कायदा, मग दिवसभर गास्पाचो. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, शिळा पाव, व्हिनेगर, मीठ आणि हाताला येईल तेवढं ऑलिव्ह तेल, मिक्सरमधे फिरवून जग फ्रीजमधे. ग्लासातून पितात. मी त्यात जिरेपूड घातली तर आजींनी चव घेतली, मान हलवली, आणि म्हणाल्या कोर्दोब्यात घालतात म्हणे. ते कौतुक होतं की टोमणा ते अजून कळलेलं नाही.

एकाच बाबतीत मी भाव खाऊन गेले. इथे बोतिहो म्हणून मातीचा चंबू असतो, आपल्या माठाचा धाकटा भाऊ, माती सच्छिद्र, पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं गार होतं. त्याला बारीक तोटी असते आणि नियम असा की ओठ लावायचे नाहीत, वरून धार सोडायची. उन्हाळ्यात शहरातून येणारे सगळ्यांचे नातू शर्ट भिजवून घेतात. मी पहिल्याच फटक्यात घटाघट प्यायले, एक थेंब सांडला नाही. आजी बघतच राहिल्या. उष्टं न करता पिणं ही गोष्ट मला त्यांना स्पॅनिशमधे समजावता आली नाही पण त्यांना ती आधीच माहीत होती.

रात्री दहाला खरा दिवस उगवतो. खुर्च्या दारात, आल फ्रेस्को, म्हणजे गारव्याला. इथली माणसं ह्याबद्दल इतकी हळवी आहेत की कादिस प्रांतातल्या आल्गार गावच्या महापौरांनी २०२१ मधे ह्या रात्रीच्या गप्पांना युनेस्कोच्या वारसायादीत घ्या म्हणून मोहीम काढली. मला हसू आलं होतं तेव्हा. विषय ठरलेले, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाची सून, आणि ऑलिव्ह. चारी दिशांना डोंगरभर ऑलिव्हच आहे, दुसरं काहीच नाही. झाड तसं चिवट, फार तापलं की पानांची छिद्रं मिटून गप्प बसतं, एकप्रकारे तेही सिएर्रा. पण मोहोराच्या वेळी उष्णता आणि जोडीला दुष्काळ आला की संपलं, २०२१-२२ च्या हंगामात स्पेनमधे १५ लाख टनांच्या आसपास तेल निघालं होतं ते पुढच्या हंगामात सात लाखांच्याही खाली गेलं. तो विषय निघाला की गप्पा थांबतात थोडा वेळ.

आठव्या-नवव्या दिवशी मात्र काहीतरी बिघडलं. रात्री बारा वाजता खिडकी उघडली आणि आत आली ती गरम हवाच. एक वाजला, दोन वाजले, पारा २६ च्या खाली येईना. भिंती रात्री रिकाम्या व्हायला पाहिजेत तर त्या भरलेल्याच राहिल्या, आणि पहाटे मी भिंतीला हात लावला तर कोमट, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी. तेव्हा मला कळलं की हा सगळा जुना हुशारपणा रात्रीच्या भरवशावर उभा आहे. रात्रच आली नाही तर पेर्सियाना काय करणार बिचारी. गल्लीत सगळे चिडचिडे झाले. टीव्हीवर वायव्य स्पेनमधले ओरेन्से, सामोरा, लेओनकडचे वणवे, आकाशात सहारातून आलेली धूळ, इथे तिला कालिमा म्हणतात, त्यामुळे मेरीमातेच्या सणाला, १५ तारखेला, मिरवणूक निघाली ती पिवळट अंधारात. बासरी-ढोलवाल्या पोरांचे चेहरे बघवत नव्हते.

आजींच्या लेकीने बार्सिलोनाहून येताना एसी आणला होता, चाकांचा, नळीवाला. आजींनी तीन दिवस तो लावू दिला नाही, म्हणे गारवा हाडात शिरतो. चौथ्या रात्री त्यांच्या खिडकीतून नळी बाहेर आलेली दिसली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. नवऱ्याला मी डोळ्यांनीच दटावलं.

१८ तारखेनंतरची ती रात्र. मी झोपेतच होते, पहाटेचे चार असतील, दारातला मण्यांचा पडदा एकदम खुळखुळला. आधी वाटलं मांजर. मग खालून तोच आवाज, ह्यावेळी झाडू नाही, नुसता गाऊन, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं,

"आब्रे, निन्या! आब्रे!"

उघड पोरी, उघड.