आमची वाटचाल : बीड, भट्टी आणि काळी काच

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं शेड सुरू होऊन २२ वर्षं झाली. बोर्डावर ‘इंजिन फिनिशिंग’ असं लिहिलंय, तरी लोक अजून आम्हाला रंगारीच म्हणतात. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळकांड्यावर, काच चढवणं हे रंगाऱ्याचं काम नाही, एवढं इथे लिहून ठेवतो.

जग्वार ई-टाइप या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कारखान्यातून निघायचा तो काळ्याभोर एनॅमलमध्ये, म्हणजे भाजून चढवलेल्या काचेच्या थरात. काचेची पूड पाण्यात कालवून फवारायची, वाळवायची आणि ८०० अंशांच्या आसपास भाजायची. हे मला शिकवलं माझ्या पहिल्या भागीदाराने, काकांनी. काका दारावरच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या भाजायचे. प्लास्टिकच्या पाट्या आल्या आणि त्यांची भट्टी थंड पडली. भट्टी त्यांची, ब्लास्टिंगचं (जोरात कण मारून गंज-रंग काढायचं) मशीन माझं, हिस्सा निम्मा-निम्मा. कागद केला नाही. दार किलकिलं करून लालीवरून काका तापमान सांगायचे. पुढे पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र) लावला, तेव्हा फरक १५ अंशांचा निघाला!

तिसऱ्या वर्षी बुडता बुडता वाचलो. मुंबईहून ई-टाइपचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही मॅनिफोल्ड आले. घाई गिऱ्हाइकाची, चूक आमची. चाळीस वर्षं तेल आणि काजळी प्यालेलं ते बीड आधी कोरडं भाजून जाळून घ्यायला हवं होतं. आम्ही नुसतं ब्लास्ट केलं. भट्टीत बिडातला गॅस बाहेर पडला आणि काचेवर मोहरीएवढे फोड आले. जिगवर (वाकू नये म्हणून धरून ठेवणाऱ्या साच्यावर) आवळले नव्हते, म्हणून फ्लँजही (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडा) वाकल्या. पट्टी ठेवली तर खालून पोस्टकार्ड सरकत होतं. बाहेरून दुसरी जोडी मागवून द्यावी लागली, त्यात सगळी शिल्लक गेली.

ही बातमी दुसऱ्या एका शेडवाल्याने पसरवली. स्वतः साधा काळा हीट पेंट मारायचा आणि ‘पोर्सेलिन’ (काचेच्या एनॅमलचंच दुसरं नाव) म्हणून आमच्या निम्म्या दरात द्यायचा. चौदा महिने भट्टी जवळपास बंद होती. काकांनी आपणहून हिस्सा घेणं थांबवलं. पुढे त्याचीच कामं आमच्याकडे आली, राखाडी पडून पापुद्रे सुटलेली. ती मी स्वतःच्या हाताने खरडली आहेत. त्या माणसाशी मी आजही बोलत नाही.

त्या दिवसांत आम्हाला तगवलं दादरच्या एका पारशी आजोबांनी. त्यांची १९३८ ची शेवरले, शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात जोडलेली. सगळे म्हणत होते, इंजिन निळं करा, उठून दिसेल. आजोबा ठाम : “डिकरा, राखाडी म्हणजे राखाडी.” त्यांचंच बरोबर होतं, त्या सहा सिलिंडरच्या २१६ (घनइंचांच्या) इंजिनाचा रंग राखाडीच. पण नेमका कुठला? वॉटर पंप उतरवला, तेव्हा मागे गॅस्केटच्या (सांधा बंद करणाऱ्या पातळ पट्टीच्या) कडेला नखाएवढा मूळ रंग सापडला. तो जुळवायला चार दिवस आणि पत्र्याच्या अकरा पट्ट्या लागल्या. पुढे त्यांनी ओळखीतल्या पाच गाड्या पाठवल्या.

घरी काम करणाऱ्यांना सांगतो, वायर ब्रश उचलण्याआधी पंप आणि ब्रॅकेट काढून मागे बघा. इंजिन नंबरवर रंग थापू नका. मॅनिफोल्ड भाजून झाला की इंजिनाला टेकणारं तोंड मशीनवर घासून सपाट करून घ्या. तिथे काच राहिली तर गॅस्केट धरत नाही.

नंतरची वर्षं कामातच गेली. फोड आलेली ती जोडी मात्र अजून भट्टीशेजारच्या फळीवर आहे. नवा पोरगा कामाला लागला, की आधी तिच्यावरून बोट फिरवायला लावतो आणि मगच स्प्रे गन हातात देतो.