भाचीची प्लेलिस्ट आणि हात्सुने मिकू

आज नाशिकला जाताना गाडीतलं ब्लूटूथ भाचीच्या ताब्यात होतं, म्हणजे जपानी गाणी ऐकणं आलंच. संगमनेर येईपर्यंत मी चक्क 'परत लाव' म्हणायला लागले!

त्या गाण्यांतली हात्सुने मिकू ही गायिका नाही, सॉफ्टवेअर आहे. साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने २००७ मध्ये आणलेलं. तंत्र यामाहाच्या व्होकॅलॉइड या गाणारा आवाज बनवणाऱ्या प्रणालीचं, मूळ आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा. सूर आणि शब्द भरायचे, ती गाते. घरबसल्या गाणी करणाऱ्या पोरांना गायिका शोधायची गरजच उरली नाही.

नवख्यांनी मिकूसाठी गाणी रचणाऱ्या र्‍योच्या 'मेल्ट'पासून सुरुवात करावी. प्रेमात पडलेली मुलगी, कापलेली झुलपं, दोघांत एक छत्री. अगदी साधं, गोड.

मला मात्र संगीतकार वोवाकाच्या 'रोलिंग गर्ल'ने धरून ठेवलं. पियानो पिसाटल्यासारखा धावतो आणि मिकू मध्ये दमच खात नाही. माणूस धापा टाकेल तिथे ती सपाट, कोरडी गात राहते, आणि त्यामुळेच गाण्यातल्या मुलीची घुसमट जास्त टोचते. वोवाका २०१९ मध्ये गेला, अवघ्या ३१ व्या वर्षी.

हाचीचं 'मात्रियोश्का' म्हणजे निव्वळ धिंगाणा (हाची म्हणजेच आजचा सुपरस्टार गायक-संगीतकार केन्शी योनेझू). बहिणीला ते डोकेदुखी वाटलं, तिचंही अगदीच चूक नाही.

यंत्राचा आवाज झेपत नसेल त्यांनी 'सेनबोनझाकुरा' आधी वागाक्की बँडचं ऐका, शामिसेन आणि कोतो या जपानी तंतुवाद्यांसकट. मग मिकूचं. भाची म्हणते हा क्रम उलटा आहे, पण तिचं वय पंधरा आहे.