तुम्ही विचारलंत म्हणून: ॲनंडेलच का?

"बाई, आपल्याकडे सांगण्यासारखी माणसं काय कमी आहेत? विषय कुठलाही निघो, तुमची गाडी त्या ॲनंडेल साहेबावरच का येते?" हा साहेब म्हणजे नेल्सन ॲनंडेल, शतकापूर्वी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम करणारा प्राणिशास्त्रज्ञ. साताऱ्यात पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, तरी हा प्रश्न पाठ सोडत नाही. परवा लग्नाच्या पंगतीत एका जुन्या विद्यार्थ्याने पुन्हा विचारला. तोंडात जिलबी होती, उत्तर राहून गेलं.

उत्तर आपल्या वेण्णेच्या डोहात आहे. उन्हाळ्यात नदीची धार तुटते, नुसते डोह उरतात. शतकापूर्वी वेण्णा-कोयनेच्या अशा डोहांत नाण्याएवढी, आरपार दिसणारी जेलीफिश सापडली. गोड्या पाण्यात! तिच्या जातकुळीतली जेलीफिश तोवर आफ्रिकेतच माहीत होती. शोधणारे होते मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. हो, पुण्यातल्या संस्थेला ज्यांचं नाव आहे तेच. तेव्हा मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. १९११ मध्ये ॲनंडेलने तिला 'लिम्नोक्निडा इंडिका' हे नाव दिलं. पुढे तिच्या सवयींवर आघारकरांचा लेखही त्याच्याच संग्रहालयाच्या नियतकालिकात आला. तेव्हा मराठी माणसाला डावलून मी साहेबाची आरती करते, असं कृपा करून समजू नका.

बाकी त्याची कुंडली थोडक्यात. जन्म १८७६, एडिंबरो. १९०४ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आला, १९०७ मध्ये तिथला प्रमुख झाला. १९१६ मध्ये झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, म्हणजे देशातल्या प्राण्यांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था, उभा राहिला तो त्याच्याच खटपटीने, आणि पहिला संचालकही तोच. वाघ-हत्तींच्या मागे शिकारी साहेब पुष्कळ होते. हा शेवाळ खरवडत बसला. चिल्का सरोवर, ब्रह्मदेशातलं इनले, पार जपानचं बिवा. १९२४ मध्ये कलकत्त्यातच वारला, वय अवघं सत्तेचाळीस.

एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. त्याने कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मापं घेतली होती. माणसांना नमुन्यांसारखं मोजायची ती त्या काळाची खोड, तिला मी चांगलं म्हणणार नाही. पण १९२० मध्ये नागपूरला सायन्स काँग्रेस, म्हणजे शास्त्रज्ञांचं संमेलन, भरली, तिथे त्याची गाठ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी पडली. पुढे संख्याशास्त्रात नाव कमावलेले महालनोबिस तेव्हा भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. याने ती मापं त्यांच्यापुढे टाकली, बघा म्हणाला यातून काय निघतं. महालनोबिसांचा त्यावरचा पहिला निबंध १९२२ मध्ये निघाला. त्या वाटेने जाता जाता १९३६ मध्ये 'महालनोबिस अंतर' आलं, म्हणजे अनेक मापं एकत्र धरून दोन गट एकमेकांपासून किती वेगळे ते सांगणारं संख्याशास्त्रातलं माप. माझा भाचा हिंजवडीत रोज ते वापरतो. नागपूरचा त्यात काय संबंध, हे त्याला मी सांगितलं तेव्हा कळलं.

आपल्याला न सुटणारं दुसऱ्याच्या हवाली करणं सगळ्यांना जमत नाही. मी कॉलेजात कपाटांना कुलपं घालून बसलेली माणसं पाहिली आहेत.

आणि खरं सांगू? माझा जीव जडला तो त्याच्या स्पंजांमुळे. स्पंज म्हणजे पाण्यात दगडाला चिकटून राहणारा साधा प्राणी. गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर त्याने १९११ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. आमच्या सहलीला मे महिन्यात नदीपात्रातला दगड उलटला की पोरं विचारायची, "बाई, हा वाळका भाकरीचा पापुद्रा कसला?" बोटाने चुरला की गारगोटीसारख्या बारीक सुया टोचायच्या, दिवसभर खाज. त्या पापुद्र्यात मोहरीपेक्षा बारीक, पिवळट दाणे असतात. स्पंज मरतो, दाणे ऊन सोसतात. पाणी आलं की त्यांतूनच नवा स्पंज.

तुम्ही दगड उलटलात, तर होता तसा पालथा घाला. आणि खाजेला खोबरेल लावा.