नाव देऊ नका

निरोप दोनच वाक्यांचा होता. "त्याला काल संध्याकाळी नेलं. नाव कुठंही देऊ नका." पाठवणारी त्याची बहीण. सक्तीच्या लष्करी सेवेला सद्सद्विवेकबुद्धीच्या आधारावर नकार दिलेला हा तरुण. त्याच्या गटाशी आमचं दर महिन्याला फोनवर बोलणं व्हायचं. देश कोणता ते इथंही लिहीत नाही.

मी शांततावादी गटांमध्ये समन्वयाचं काम करते. लोकांना यातले मोर्चे आणि फलक दिसतात. खरं काम बरंचसं चौकशा करण्याचं आहे: कोण आजारी आहे, कुणाची सुनावणी कधी, कुणाच्या वकिलाची फी थकलीय. एक गट अण्वस्त्रांविरुद्ध लढतो, दुसरा शस्त्रविक्रीविरुद्ध, तिसरा सक्तीच्या भरतीविरुद्ध. विषय वेगळे असले तरी एकमेकांच्या निवेदनांवर सह्या होतात, कोर्टात एकमेकांसाठी बसणं होतं. काहीच घडत नसतं तेव्हा केलेले हे कंटाळवाणे फोनच अटकेच्या दिवशी कामाला येतात.

त्या दिवशी अडचण मदत मिळण्याची नव्हतीच. ती आवरायची कशी, ही होती. बातमी आतल्या आत पसरली आणि दुपारच्या आत अण्वस्त्रविरोधी गटाचं पत्रक तयार होतं, फोटोसकट. दुसऱ्या एका गटाला संध्याकाळीच दूतावासासमोर उभं राहायचं होतं. पत्रक लिहिणाऱ्या बाई या चळवळीत माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून आहेत. त्या चिडल्याच. "आपण गप्प बसावं हेच तर त्यांना हवंय. रोस्सींचं काय झालं ते आठवा."

त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. 1973 मध्ये ब्राझीलमध्ये अटकेत असलेले प्राध्यापक लुईझ बासिलिओ रोस्सी यांच्यासाठी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेनं पहिलं तातडीचं आवाहन काढलं, तेव्हा पुढं आलेल्या पत्रांच्या ओघानंच आपण वाचलो असं ते स्वतः सांगत. कुठं आरडाओरडा जीव वाचवतो, कुठं तोच अंगाशी येतो. कोणत्या वेळी काय, हे बाहेर बसून ठरवता येत नाही. आमच्यात कार्यकर्त्यांचा हुरूप भारी पडतो आणि ज्याच्यासाठी तो आहे त्यालाच विचारायचं राहून जातं, असं माझं मत आहे. बाईंना मी ते सांगितलं, जरा मवाळ शब्दांत.

मग बहिणीला फोन लावला आणि बाईंनाही त्यातच घेतलं. तिनं शांतपणे सांगितलं, "वकील लष्कराऐवजी पर्यायी नागरी सेवा मिळावी म्हणून बोलणी करतायत. नाव गाजलं तर अधिकारी इरेला पेटतील, मग माघार घेणार नाहीत. आणि त्याचं नाव दुसऱ्या कुठल्या मोहिमेला जोडू नका, त्यावरून नवं कलम लागेल." मग काय हवंय? वकिलाचे पैसे, सुनावणीला गप्प बसून टिपणं घेणारं बाहेरचं कुणीतरी आणि आईला पत्रं.

बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पत्रं मी गोळा करते."

पत्रांचं शास्त्र त्यांना पाठच होतं. मोडलेली बंदूक हे चिन्ह असलेली वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल ही 1921 पासूनची संघटना. 1 डिसेंबर हा ती पाळत असलेला, शांततेसाठी तुरुंगात गेलेल्यांचा दिवस, त्या दिवशी जगभरातून कैद्यांना शुभेच्छापत्रं जातात. कार्ड पाकिटात घालायचं, कैद्याला अडचणीत आणेल असं काही लिहायचं नाही, उत्तराची वाट पाहायची नाही. आणि 'तुम्ही किती शूर, मला नसतं जमलं' अशी सुरुवात तर नकोच. (असं पत्र आलं की कोठडीतल्या माणसानंच पाठवणाऱ्याची समजूत काढायची की काय!) इथं पत्रं आईला जायची होती, म्हणून बाईंनी आणखी एक अट घातली: मुलाच्या नकाराबद्दल एक शब्द नको, स्वतःच्या घरचं लिहा. आलेली दोन पत्रं त्यांनी परत पाठवली. घोषणा होत्या त्यात.

सुनावणीला शस्त्रविक्रीविरोधी गटातला एक जण गेला. एका कारखान्याचं फाटक अडवल्याबद्दल त्याच्यावरच खटला चालू आहे. जाण्याआधी त्यानं स्वतःच्या वकिलाला विचारून घेतलं. कोर्टात भाषा कळत नव्हती, शेजारी बसलेली बहीण कानात सांगायची आणि तो लिहून घ्यायचा. न्यायाधीशांनी एकदा तो कोण म्हणून विचारलं, तेवढंच. पुढची तारीख पडली आणि तोवर तरुणाला घरी जाऊ दिलं. हे मागे बसलेल्या माणसामुळे झालं की वकिलामुळे, सांगता येणार नाही. वकिलाला मात्र ती टिपणं हवी होती, त्यांनी प्रत मागून घेतली.

बोलणी अजून चालूच आहेत. 15 मेला, लष्करी सेवा नाकारणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, आमच्या निवेदनात त्याचं नाव नव्हतं. बाईंनी त्यावर सही केली, जरा कुरकुरतच. महिन्याच्या फोनवर आता बहीणही असते. गेल्या वेळी आमचं बोलून संपल्यावर तिनं विचारलं, "फाटकाच्या खटल्याची तारीख कधी आहे? आमच्यातले दोघं येतील म्हणतायत, काय करायचं ते सांगा."