सिकलसेलचा रिपोर्ट हातात दिल्यावर

राज्यघटनेच्या कलम ५१क (ज) मध्ये विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि मानवतावाद ही दोन्ही कर्तव्यं एकाच ओळीत येतात. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने ती घटनेत आली. ही जोडी कुठे तुटते ते पाहायचं असेल, तर नागपूरच्या आसपासच्या कुठल्याही सिकलसेल शिबिरात जाऊन बसावं. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अंगात कळा येतात.

तपासणी सोपी आहे. शिबिरातल्या सोल्युबिलिटी चाचणीला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं, ते नळीतल्या द्रावणात मिसळायचं. नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे एएस (सिकलचं एकच जनुक असलेला वाहक) की एसएस (दोन्ही जनुकं सिकलची असलेला रुग्ण), हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीच करावी लागते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, नुकतंच रक्त चढवलेला माणूस आणि हिमोग्लोबिन फारच उतरलेला रुग्ण या तिघांच्या बाबतीत निगेटिव्ह निकालावरही भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा शिबिरातच ‘तुम्हाला सिकलसेल निघाला’ असं सांगून टाकणं माणुसकी तर सोडाच, विज्ञानातही बसत नाही.

खरा घोळ पक्का रिपोर्ट आल्यावर होतो. शाळेत वर्गवार यादी मोठ्याने वाचली जाते आणि एएस मुलीला गावभर ‘बिमारीवाली’ ठरवलं जातं. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो आणि रोजचं औषधही लागत नाही, हे सांगायला कुणी थांबत नाही. म्हणून रिपोर्ट एकेकाला, दार लावून द्यावा. मूल असेल तर आईवडील दोघांनाही बोलवावं. एकट्या आईला बोलावलं की दोष तिच्या पदरात पडलाच म्हणून समजा. एसएस मुलाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून आलेलं असतं, हे पहिल्याच वाक्यात सांगावं. ‘ही अमक्या जातीची बिमारी’ या समजुतीलाही तिथेच उत्तर द्यावं. वाहकाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया असलेल्या मुलखात हे जनुक टिकून राहिलं. हिवतापाला जात कळत नाही.

टक्केवारी तोंडी सांगून डोक्यात शिरत नाही. दोन फोडलेले चिंचोके घ्या, एक आईचा आणि एक बापाचा. पांढरी बाजू म्हणजे सिकलचं जनुक. दोन्ही पांढरे पडले तर एसएस, एकच पांढरा पडला तर एएस. जोडप्याच्याच हातून वीसेक वेळा टाकून घ्या. (अर्धा चिंचोका नेमका निम्म्या वेळा पांढरा पडत नाही. हिशेब चोख हवा असेल तर दोन नाणी बरी.) दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के असते. ‘एक एसएस लेकरू झालं, आता पुढची तीन सुखरूप’ हा गैरसमज सगळ्यात चिवट, आणि तो या खेळाने सुटतो, कारण दोन पांढरे लागोपाठही पडतात. एक वाहक आणि दुसरा एए, म्हणजे सिकलचं जनुकच नसलेला, अशी जोडी असेल तर मूल एसएस होत नाही. म्हणजे लग्न मोडायचं कारणच उरत नाही. दोघे वाहक असले तरी गर्भाची तपासणी लवकर करता येते, पण ती करायची की नाही हे त्या दोघांनी ठरवायचं. समुपदेशकाने फक्त माहिती द्यावी.

एसएस रुग्णासाठी फॉलिक ॲसिड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया आणि न्यूमोकोकलची लस या गोष्टी आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि शरीरातलं पाणी कमी झालं की कळा सुरू होतात. पाण्याची बाटली सोबत हवीच. डिसेंबरच्या पहाटे स्वेटर विसरला तरी तेच होतं.

आणि मग कॅज्युअल्टी. तिथे रुग्ण कळवळत असतो, पण नाडी, बीपी, एक्स-रे सगळं ठीक. ‘नाटक करतो’ हा शेरा इथेच मिळतो. कळ मोजणारं यंत्र नाही. ० ते १० मध्ये किती, हे रुग्णाला विचारायचं आणि तो सांगेल तो आकडा धरून चालायचं. तो आल्यापासून तासाभरात वेदनाशामक सुरू व्हायला हवं आणि नंतर पुन्हा पुन्हा विचारत राहायला हवं. रुग्णाने एक कागद खिशात ठेवावा: एरवीचं हिमोग्लोबिन किती, मागच्या वेळी कुठलं औषध किती मात्रेत लागू पडलं, कशाची ॲलर्जी आहे. नाइट ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला तो कागद फार उपयोगी पडतो.