तुम्ही विचारलंत म्हणून : डिव्होर्सचं मग काय झालं?

काही नाही झालं, अर्ज मागे घेतला. लग्नात, लिफ्टमध्ये, ऑफिसात डबा खाताना, सगळीकडे हाच प्रश्न आणि त्याच्या शेपटाला दुसरा, "मग आता कदर कळली ना एकमेकांची?" मी तोंड उघडायच्या आत समोरची बाई स्वतःच उत्तर देते, लॉकडाऊनने वाचवलं गं तुमचं लग्न. लॉकडाऊनने काही वाचवलं नाही. कोर्ट बंद होतं, एवढंच.

कायद्याचं आधी सांगते कारण त्यावरून फार कथा रचल्या गेल्यात. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात संमतीने घटस्फोटाचं कलम १९७६ ला आलं. वर्षभर वेगळं राहायचं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं आणि परत जाऊन सांगायचं की हो, अजूनही नकोच आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सहा महिने माफ होऊ शकतात. वकील म्हणाले माफीचा अर्ज टाकू, मी नको म्हटलं. नणंद अजून सांगत फिरते की वहिनीचा जीव अडकला होता. अगं बाई, त्या अर्जाचे वेगळे पैसे होते.

तर ऑक्टोबर २०१९ चा अर्ज. मी आणि मुलगा आईकडे ठाण्याला नौपाड्यात, हा आणि सासूबाई नवी मुंबईत ऐरोलीला सिडकोच्या वन रूम किचनमध्ये, मुलगा शनिवार-रविवार तिकडे. २१ मार्चला त्याला तिथे ताप भरला म्हणून मी धावत गेले, दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू, मग लोकल बंद, अडकले. ताप साधाच निघाला. मी किचनमध्ये सिलिंडरशेजारी झोपायचे आणि सकाळी कुणी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवायचे.

एप्रिलमध्ये एका पहाटे आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, आई बाथरूममध्ये पडलीय, मनगट टम्म सुजलंय, सोबत फोटो. रिक्षा नाहीत, ट्रेन नाहीत, स्कूटरवर डबलसीट चालत नव्हतं. म्हटलं मी चालत जाते. हा चपला घालायला लागला. मी म्हटलं गरज नाहीये. म्हणाला, माहितीये.

ठाणे-बेलापूर रोड तसा मी तरी कधी बघितला नव्हता, अख्खा रिकामा. दिघ्याच्या अलीकडेच सुरू झालं, फ्रिजवरून. वाटणीच्या यादीत फ्रिज त्याच्याकडे होता आणि हप्ते मी भरलेले. मग फ्रिज राहिला बाजूला आणि आम्ही ओरडायला लागलो, अगदी बेंबीच्या देठापासून. मी म्हटलं तुझी आई मला बोलायची तेव्हा तू गॅलरीत जाऊन उभा राहायचास. म्हणाला, मग जाऊ कुठे, दोघींच्या मधे तिसऱ्याला उभं राहायला जागा आहे का त्या घरात? मग म्हणाला, तू गेलीस त्या दिवशी माझा डबा भरून ठेवला होतास, वांग्याची भाजी, मी तो खाल्ला नाही, टाकलाही नाही, बॅगेतच राहिला आणि शेवटी आईला वास आला. मला हे माहीतच नव्हतं. तरी मी म्हटलं, भाजीचं कौतुक तेव्हा करायचं होतंस.

विटाव्याला नाकाबंदी. त्याने फोटो दाखवला. पोलीस म्हणाले, जा, पण मास्क वर घ्या मॅडम, आणि भांडण घरी जाऊन करा. हा म्हणाला, साहेब, घरी नाही ना करता येत.

ते खरं होतं. लग्नानंतर आम्ही मोठ्या आवाजात कधी भांडलोच नव्हतो. सगळं कुजबुजत, मुलगा झोपल्यावर, सासूबाई जाग्या आहेत हे माहीत असताना, एक वाक्य बोलायचं आणि उरलेलं गिळायचं. कळवा पुलावर येईपर्यंत माझा घसा बसला होता आणि बोलायचं काही शिल्लक नव्हतं.

आईला फ्रॅक्चर निघालं, प्लास्टर झालं, पुढे बाकीचंही हळूहळू झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पण कृतज्ञता? एका मैत्रिणीने मला वही दिलीय, रोज रात्री नवऱ्याबद्दल तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. त्याला कोणी वही दिली नाही. तो भांडी घासतो तर मी नशीबवान, मी इतकी वर्षं घासली तेव्हा तो नशीबवान आहे असं एकही माणूस म्हणालं नाही. वटपौर्णिमेला सात जन्मांचं मागताना माझी जीभ अजून अडखळते. आणि तरीही, माझ्या चतुर्थीच्या आदल्या रात्री न सांगता साबुदाणा भिजवलेला दिसतो, पाणी नेहमीप्रमाणे जास्त, खिचडीचा गोळा होणार हे नक्की, तेव्हा बरं वाटतं. खूप बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. २०१९ मधली मी म्हणेल, एवढ्याशा साबुदाण्यावर विकली गेलीस? तिला काय सांगू ते मला अजून सुचलेलं नाही, कधीकधी तिचंच पटतं.

घणसोलीच्या एका मैत्रिणीने गेल्या वर्षी विचारलं, तुझ्यासारखा मीही अर्ज मागे घेऊ का? मी म्हटलं मुळीच नको. तिने नाही घेतला, मजेत आहे. तिलाही लिफ्टमध्ये गाठतात, फक्त तिला विचारतात, आता पश्चात्ताप होतो का गं?